हार्ट अटॅकचा पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात हलवला, तर कोडमध्ये काय बदलतं

अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणाऱ्या, म्हणजे पेशंटच्या कागदांतली निदानं आणि उपचार बिलासाठी ठरलेल्या कोडमध्ये लिहिणाऱ्या, प्रत्येकासमोर हा पेशंट कधी ना कधी येतोच. छातीत दुखतंय म्हणून तो गावाजवळच्या लहान हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जातो. ईसीजीत एसटी सेगमेंट हा भाग वर गेलेला दिसतो (अशा अटॅकला स्टेमी म्हणतात, तसा नसलेल्याला एनस्टेमी), पण तिथे कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, नसते, म्हणून त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात. तिथे स्टेंट बसतो आणि कधी कधी दोन-तीन दिवसांनी उरलेल्या देखभालीसाठी तो पुन्हा लहान हॉस्पिटलात येतो. अटॅक एकच, पण एन्काउंटर (हॉस्पिटलची भेट) तीन, क्लेम (विम्याकडे पाठवलेलं बिल) तीन आणि बहुतेक वेळा कोडरही तीन.

या चार्टमध्ये होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. पेशंट हलवल्यामुळे अटॅकचं वय बदलत नाही, बदलतो तो हाताशी असलेला पुरावा. कोडर मात्र नेमकं उलटं करतात. हॉस्पिटल बदललं म्हणून अटॅक जुना धरतात, आणि आधीच्या हॉस्पिटलचं निदान मात्र जसंच्या तसं उचलतात.

चार आठवडे कुठून मोजायचे

आयसीडी-१०-सीएम या निदानाच्या कोडांच्या यादीत ताज्या अटॅकची कॅटेगरी आय२१. ऑफिशियल गाइडलाइन्सच्या नवव्या चॅप्टरमध्ये नियम स्पष्ट आहे: अटॅक चार आठवडे किंवा त्याहून कमी जुना असेल आणि त्या एन्काउंटरमध्ये त्याच्यावर लक्ष दिलं जात असेल, तर आय२१ देत राहायचा. दुसऱ्या अ‍ॅक्यूट हॉस्पिटलात किंवा पोस्ट-अ‍ॅक्यूट ठिकाणी झालेली ट्रान्सफर यात धरलेली आहे, हे तिथेच लिहिलंय. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात आय२१, परत आल्यावर लहान हॉस्पिटलात आय२१, आणि स्किल्ड नर्सिंगमध्ये (हॉस्पिटलनंतरच्या शुश्रूषा केंद्रात) गेला तरी मुदत संपेपर्यंत आय२१.

मोजायचं ते अटॅक सुरू झाल्या दिवसापासून. अ‍ॅडमिशनच्या तारखेशी किंवा ट्रान्सफरच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. अटॅक ३ मार्चला आला असेल, तर ३१ मार्चला २८ दिवस भरतात. त्या दिवसापर्यंतच्या एन्काउंटरला आय२१ चालतो, १ एप्रिलपासून नाही. त्यानंतरही अटॅकशी संबंधित देखभाल चालू असेल तर योग्य तो आफ्टरकेअरचा कोड द्यायचा, आणि देखभालीची गरज उरली नसेल तर आय२५.२, म्हणजे जुना अटॅक.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच आय२५.२ची. दुसऱ्या हॉस्पिटलच्या एच अँड पीमध्ये (आल्यावरच्या तपासणीच्या नोंदीत) डॉक्टर सहज लिहून जातात, 'हिस्टरी ऑफ रीसेंट एमआय' किंवा 'स्टेटस पोस्ट स्टेमी' (एमआय म्हणजे हार्ट अटॅक, 'स्टेटस पोस्ट' म्हणजे होऊन गेलेला). कोडरला 'हिस्टरी' दिसते आणि हात आय२५.२कडे जातो. अटॅक कालचा असतो! 'हिस्टरी' किंवा 'स्टेटस पोस्ट' असं काही दिसलं की आधी तारीख शोधायची: इमर्जन्सीच्या नोटमध्ये, कार्डिऑलॉजी कन्सल्टमध्ये, डॉक्टरांनी लिहिलेल्या ट्रान्सफरच्या हकिकतीत. कुठेच नसेल तर क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारायचं. तारखेशिवाय आय२१ आणि आय२५.२ यांतला निर्णय घेताच येत नाही.

आय२२ इथे लागत नाही

जुन्या कोडरांची एक सवय इथे आड येते. १ ऑक्टोबर २०१५च्या आधी आयसीडी-९-सीएममध्ये ४१० या कॅटेगरीला पाचवा आकडा असायचा. १ म्हणजे पहिला एपिसोड ऑफ केअर, २ म्हणजे त्यानंतरचा एपिसोड, आणि मुदत होती आठ आठवड्यांची. त्या पद्धतीतही पहिल्या एपिसोडमध्ये पेशंट कितीही हॉस्पिटलं फिरला तरी पाचवा आकडा १च राहायचा. पण 'नंतरचा' ही कल्पना डोक्यात पक्की बसली आणि आता काहीजण दुसऱ्या हॉस्पिटलला आय२२ देऊन मोकळे होतात.

आय२२चा एपिसोडशी काही संबंध नाही. पहिल्या अटॅकनंतर चार आठवड्यांच्या आत दुसरा, नवा अटॅक आला तरच तो द्यायचा, आणि तोही दोन्ही अटॅक टाइप १ (धमनीत गुठळी होऊन आलेले) किंवा टाइप न सांगितलेले असतील तरच. तो एकटा कधी येत नाही, सोबत आय२१ लागतोच. कुठला आधी, हे अ‍ॅडमिशन कशामुळे झालं त्यावर ठरतं. एलएडी या हृदयाच्या पुढच्या धमनीतल्या ब्लॉकमुळे झालेल्या अँटीरियर (पुढच्या भिंतीच्या) स्टेमीसाठी ट्रान्सफर होऊन आलेल्या पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात पाचव्या दिवशी नवा एनस्टेमी झाला, तर आय२१.०२ प्रिन्सिपल (मुख्य निदान), आय२२.२ सेकंडरी आणि त्याचा पीओए 'एन', म्हणजे येताना तो नव्हता ('वाय' म्हणजे होता). तोच पेशंट घरी गेला आणि बाराव्या दिवशी नवा एनस्टेमी घेऊन परत आला, तर आय२२.२ प्रिन्सिपल आणि आय२१.०२ सेकंडरी.

दुसरा अटॅक टाइप २चा (दुसऱ्या आजाराच्या ताणाने आलेला) असेल तर आय२२ नाही, फक्त आय२१.ए१. टाइप ४ किंवा ५चा (स्टेंट किंवा बायपासशी संबंधित) असेल तर आय२१.ए९. दोन अटॅकचे टाइप वेगळे असले की दोघांनाही आपापला आय२१ द्यायचा.

एक चार्ट, दोन हॉस्पिटलं

उदाहरण घेऊ. पेशंटला सकाळी सहाला छातीत दुखायला लागलं. पहिल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टरांचं निदान 'अ‍ॅक्यूट अँटीरियर वॉल स्टेमी'. पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं औषध द्यावं, असं तिथल्या उपचारांच्या मार्गदर्शनात आहे. त्यानुसार अल्टेप्लेस (हेच टीपीए) सुरू केलं आणि पेशंटला इनपेशंट न करता, म्हणजे भरती न करता, इमर्जन्सीतूनच पुढे पाठवलं.

पहिल्या हॉस्पिटलचा हा आउटपेशंट क्लेम. कोड आय२१.०९, कारण भिंत कळली आहे पण कुठली धमनी ते नाही. शिरेतून दिलेल्या थ्रॉम्बोलिसिससाठी (गुठळी विरघळवण्यासाठी) सीपीटी, म्हणजे आउटपेशंट क्लेमवरचा उपचाराचा कोड, ९२९७७. हाच पेशंट तिथे इनपेशंट झाला असता तर पीसीएसचा, म्हणजे इनपेशंट प्रोसीजरच्या यादीतला, ३ई०३३१७ आला असता.

दुसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत एसटी खाली आलेला असतो, दुखणं थांबलेलं असतं आणि एखादा डॉक्टर 'आता एनस्टेमी' असं लिहितो. गाइडलाइन इथे अगदी स्पष्ट आहे: थ्रॉम्बोलिसिसमुळे स्टेमीचा एनस्टेमी झाला तरी कोड स्टेमीचाच. उलट दिशेने, एनस्टेमी वाढून स्टेमी झाला, तरीही कोड स्टेमीचाच. मग कॅथ रिपोर्टमध्ये इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजिस्ट लिहितात की या अटॅकला कारण ठरलेला ब्लॉक एलएडीमध्ये होता. आता आय२१.०९ राहत नाही, आय२१.०२ होतो. दोन हॉस्पिटलांचे कोड वेगळे आले, आणि दोघांचेही बरोबर आहेत. एकमेकांशी जुळवायला जायचं नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या यादीत आय२१.०२ प्रिन्सिपल, पीओए 'वाय'. मग कोरोनरी आर्टरी डिसीजचा (हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा) आय२५.१०, अटॅकमुळे अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटमध्ये अटॅक कोरोनरी डिसीजच्या आधी लावायचा, असा वेगळा नियम आहे. एक ड्रग-एल्यूटिंग (औषध सोडणारा) स्टेंट एका धमनीत, म्हणून ०२७०३४झेड. आणि झेड९२.८२.

हा झेड९२.८२ सर्रास विसरला जातो. पेशंट येण्याच्या आधीच्या २४ तासांत दुसऱ्या हॉस्पिटलात टीपीए दिलं होतं, हे सांगणारा हा कोड. तो फक्त पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलने द्यायचा, पाठवणाऱ्याने कधीच नाही. पेशंट पोचला तेव्हा ड्रिप चालू असेल तरीही द्यायचा. नेहमी सेकंडरी, आधी ज्या आजारासाठी औषध दिलं तो आजार. औषध कुठे आणि किती वाजता सुरू झालं, हे डॉक्टरांच्या नोटमध्ये किंवा ट्रान्सपोर्ट टीमच्या कागदात असतं. २४ तासांची अट आहे, त्यामुळे वेळ बघितल्याशिवाय कोड टाकू नये.

धमन्यांच्या बाबतीत काही जागा लक्षात ठेवाव्यात. डायगोनल ही धमनी एलएडीच्या कोडमध्ये जाते, आय२१.०२. ऑब्लिक मार्जिनल ही सर्कम्फ्लेक्स धमनीच्या, आय२१.२१. 'इन्फेरियर' (खालची भिंत) एवढंच असेल तर आय२१.१९, पण 'इन्फेरोपोस्टेरियर' लिहिलं असेल तर आय२१.११. नुसता पोस्टेरियर (मागचा) किंवा लॅटरल (बाजूचा) आय२१.२९मध्ये. एनस्टेमीला मात्र भिंत सांगितली तरी कोड आय२१.४च. ईसीजी मशीनने छापलेली ओळ निदान होत नाही, आणि दोन, तीन, एव्हीएफ लीड्समध्ये बदल दिसले म्हणून कोडरने स्वतः 'इन्फेरियर' ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी लिहावं लागतं. 'स्टेमी' आहे पण जागा नाही तर आय२१.३, आणि नुसतं 'अ‍ॅक्यूट एमआय' असेल तर आय२१.९. मोठ्या हॉस्पिटलात कॅथ होऊनही आय२१.३ किंवा आय२१.९ उरला असेल, तर बहुतेक वेळा कॅथ रिपोर्ट उघडलाच गेलेला नसतो.

आधीच्या हॉस्पिटलचे कागद

पेशंटबरोबर जाडजूड पाकीट येतं आणि ते स्कॅन होऊन आपल्या चार्टमध्ये जाऊन बसतं. त्यातून कोड करायचा मोह होतो, कारण तिथे सगळं नीट लिहिलेलं असतं. पण प्रत्येक एन्काउंटर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. आपल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यातली माहिती स्वतःच्या नोटमध्ये घेतली, तर ती आपली. नाहीतर ते कागद फक्त क्वेरीसाठी धागा म्हणून वापरायचे.

हे किती महत्त्वाचं आहे ते निदान बदलतं तेव्हा कळतं. पहिल्या हॉस्पिटलने 'एनस्टेमी' म्हणून पाठवलं. दुसऱ्यात अँजिओ केली, धमन्या स्वच्छ. डिस्चार्ज समरीत निदान ताकोत्सुबो (ताणामुळे हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होणं). कोड आय५१.८१, आणि आय२१.४ पूर्णपणे बाहेर. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं ते इस्केमियामुळे (रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे) नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहून 'मायोकार्डियल इंज्युरी' म्हटलं, तर आय५ए. हा कोड ऑक्टोबर २०२१पासून आहे. मायक्रोव्हॅस्क्युलर डिसफंक्शनसह (बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडासह) अटॅक असं निदान असेल तर आय२१.बी, ऑक्टोबर २०२३पासून. समरीत मात्र वर 'एनस्टेमीसाठी ट्रान्सफर' आणि खाली 'ताकोत्सुबो' असं दोन्ही उभं असेल, तर मनाने निवड करू नये. डॉक्टरांना दोन्ही विधानं दाखवून शेवटचं निदान विचारावं, आणि उत्तर सुचवू नये.

पाठवणाऱ्या हॉस्पिटलच्या बाजूला दुसराच प्रश्न असतो: निदान अजून पक्कं झालेलं नसतं. 'प्रॉबेबल एनस्टेमी, हायर सेंटरला ट्रान्सफर.' पेशंट इनपेशंट होता आणि डिस्चार्जच्या वेळीही निदान 'प्रॉबेबल' असंच होतं, तर इनपेशंट नियमाप्रमाणे ते असल्यासारखं कोड होतं, म्हणजे आय२१.४. तोच पेशंट फक्त इमर्जन्सीत, आउटपेशंट असेल, तर संशयित निदान कोड करता येत नाही. तिथे आर०७.९ छातीतलं दुखणं, आर७९.८९ वाढलेलं ट्रोपोनिन, एवढंच. चार्टमधलं वाक्य तेच, पण पेशंटचा दर्जा वेगळा, म्हणून कोड वेगळा. त्यामुळे पाठवणाऱ्या हॉस्पिटलचा चार्ट उघडल्यावर सगळ्यात आधी इनपेशंट ऑर्डर आहे का ते बघावं.

पहिल्या हॉस्पिटलात पेशंट कोरोनरी डिसीज आणि अनस्टेबल अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं, अटॅकच्या आधीचं छातीतलं दुखणं) घेऊन होता आणि अटॅक दुसऱ्या हॉस्पिटलात आला, असंही होतं. मग पहिल्याचा कोड आय२५.११०, कारण कोरोनरी डिसीज आणि अँजायना यांचा संबंध क्लासिफिकेशन गृहीत धरतं. दुसऱ्याकडे आय२१, पीओए 'एन'. आणि न्यूमोनियासाठी आलेल्या पेशंटला पहिल्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी अटॅक आला, तर तिथे अटॅकचा पीओए 'एन', पण अटॅकसाठी ट्रान्सफर झाल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलात तोच अटॅक प्रिन्सिपल आणि पीओए 'वाय'. पीओए प्रत्येक हॉस्पिटलच्या दाराशी नव्याने ठरतो.

टाइप २ची काळजी

सेप्सिस, रक्तस्राव, तीव्र अ‍ॅनिमिया किंवा वेगाने धावणारं हृदय घेऊन पेशंट येतो, ट्रोपोनिन वाढतं, डॉक्टर 'टाइप २ एमआय' लिहितात. कोड आय२१.ए१, पण मूळ कारण आधी. ट्रान्सफरच्या चार्टमध्ये हे हमखास उलटतं, कारण पाठवण्याच्या कागदावर 'एमआय' ठळक अक्षरात असतं आणि कोडर त्यालाच प्रिन्सिपल करतो. 'डिमांड इस्केमिया' (हृदयाची गरज वाढल्याने रक्त कमी पडणं) एवढंच लिहिलं असेल तर तो अटॅक नाही. पण 'डिमांड इस्केमियामुळे एमआय' असेल तर तो टाइप २, आणि मग इस्केमियाचा वेगळा कोड लावायचा नाही. आय२१.ए१ हा एमसीसी, म्हणजे बिलाची रक्कम वाढवणारं गंभीर सहनिदान, आहे, त्यामुळे पैसे देणाऱ्यांचे ऑडिटर तो नेमका उकरून काढतात. ट्रोपोनिनचा चढ-उतार आणि इस्केमियाचं लक्षण किंवा ईसीजीतला बदल, असं काहीतरी चार्टमध्ये दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर क्लिनिकल व्हॅलिडेशनसाठी (निदानाला पुरावा आहे का हे विचारण्यासाठी) क्वेरी टाकावी. कोड काढून टाकणं कोडरच्या हातात नाही.

क्लेमवरच्या तीन जागा

निदान अचूक असूनही क्लेम या जागांवर अडकतो.

डिस्चार्ज स्टेटस (पेशंट कुठे गेला): पेशंट दुसऱ्या अ‍ॅक्यूट हॉस्पिटलात गेला तर ०२, क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटलात (ग्रामीण भागातल्या लहान हॉस्पिटलात) ६६, स्किल्ड नर्सिंगमध्ये ०३, इनपेशंट रिहॅबमध्ये ६२. पेशंट परत येणार हे आधीच ठरलेलं असेल तर ०२ऐवजी ८२. ०२चा पैशांशी थेट संबंध आहे. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) पाठवणाऱ्या हॉस्पिटलला पूर्ण डीआरजी (निदानाच्या गटाप्रमाणे ठरलेली रक्कम) देतंच असं नाही. डीआरजीची रक्कम त्याच्या जिओमेट्रिक मीन लेंग्थ ऑफ स्टेने (मुक्कामाच्या सरासरी दिवसांनी) भागून एका दिवसाचा दर काढतात. पहिल्या दिवसाचे दुप्पट, पुढे प्रत्येक दिवसाचा एकपट, आणि एकूण पूर्ण रकमेपर्यंत. समजा रक्कम ८,००० डॉलर आणि मीन ४ दिवस, तर दर २,०००. एक दिवस राहिला तर ४,०००, दोन दिवस तर ६,०००, तीन दिवस राहिला की पूर्ण ८,०००. चुकून घरी गेल्याचा ०१ टाकला तर जास्तीचे पैसे मिळतात, आणि दुसऱ्या हॉस्पिटलचा क्लेम आला की ते परत मागितले जातात. घेणाऱ्या हॉस्पिटलने पेशंट घरी पाठवला तर त्याला पूर्ण डीआरजी.

पॉइंट ऑफ ओरिजिन (पेशंट कुठून आला): दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्याला ४, मग तो तिथे इनपेशंट असो की नुसता इमर्जन्सीत. आपल्या इमर्जन्सीच्या दारातून आत आला तरीही ४च.

डीआरजी: अटॅक प्रिन्सिपल आणि प्रोसीजर नाही, पेशंट जिवंत गेला तर २८० ते २८२, दगावला तर २८३ ते २८५. इथे फक्त आपल्या हॉस्पिटलात काय झालं ते बघायचं. ट्रान्सफरनंतर पेशंट दुसरीकडे दगावला तरी पहिल्याचा डीआरजी २८०च्याच गटात. स्टेंट बसवणाऱ्याचा ३२१ किंवा ३२२. गुणवत्तेच्या मोजमापातही ट्रान्सफरचा हिशेब वेगळा होतो: मेडिकेअरच्या ३० दिवसांच्या मृत्युदरात पेशंट पहिल्या हॉस्पिटलच्या खात्यावर धरला जातो, तर री-अ‍ॅडमिशनमध्ये ज्याने शेवटी घरी सोडलं त्याच्या. लहान हॉस्पिटलचा आय२१ चुकला तर तिथल्या आकड्यांवरही परिणाम होतो, हे तिथल्या कोडरांना कोणी फारसं सांगत नाही.

एक अपवाद. पेशंट पहिल्या हॉस्पिटलात इनपेशंटच राहिला, फक्त कॅथसाठी सकाळी दुसरीकडे नेला आणि त्याच दिवशी परत आणला, तर ती ट्रान्सफर नव्हे. मेडिकेअरच्या बंडलिंग नियमाप्रमाणे ती कॅथ पहिल्या हॉस्पिटलच्या इनपेशंट क्लेममध्येच जाते आणि दुसऱ्या हॉस्पिटलने आपले पैसे पहिल्याकडून घ्यायचे. अशा चार्टवर ०२ टाकला की एका अ‍ॅडमिशनचे दोन तुकडे होतात.

परत आलेला पेशंट

स्टेंट बसवून पेशंट लहान हॉस्पिटलात परत आला आणि २८ दिवस झाले नाहीत, तर आय२१ पुन्हा. मोठ्या हॉस्पिटलने कळवलेली धमनी इथल्या डॉक्टरांनी आपल्या नोटमध्ये लिहिली असेल, तर इथेही आय२१.०२ देता येतो. नसेल तर त्यांच्या शब्दांत जेवढं आहे तेवढंच. आता झेड९५.५, म्हणजे कोरोनरी स्टेंट असल्याचा कोड, इथे लागतो. स्टेंट जिथे बसवला त्या एन्काउंटरला तो लागत नव्हता. फुगा फुगवला पण स्टेंट नाही बसवला, तर झेड९८.६१. बायपास होऊन आला असेल तर झेड९५.१. झेड९२.८२ मात्र इथे २४ तासांची अट पाळतो का ते पुन्हा तपासावं. दोन दिवसांनी परत आलेल्याला तो बसत नाही.